चढणीचा गिअर, उताराचा गिअर

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात नवे वाहन घेतले की रविवारच्या मिस्सेनंतर ते चर्चच्या आवारात आणून आशीर्वाद मागण्याची रीत आहे. कर्जाने घेतलेली रिक्षा असो, मुलाने पहिल्या पगारातून घेतलेली मोटारसायकल असो, नाहीतर चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पोहोचवणारी पिकअप असो, आम्ही प्रार्थना म्हणतो, पवित्र जल शिंपडतो. मालक मोठ्या हौसेने रंग दाखवतात, बॉनेट उघडतात, डॅशबोर्डवर चिकटवलेले संत ख्रिस्तोफरचे पदक दाखवतात. गाडीखाली वाकून पाहा, असे मात्र आजवर कोणी म्हटलेले नाही. वास्तविक मालवाहू पिकअपची ओढण्याची ताकद आणि आवरण्याची ताकद या दोन्ही गोष्टी जिथे ठरतात ती जागा तिथेच असते. मागच्या दोन चाकांच्या मधोमध, लाल भोपळ्यासारख्या फुगीर लोखंडी पात्रात ती दडलेली असते.

धर्मगुरूने गिअर आणि ॲक्सल यांच्या वाटेला कशासाठी जावे, असे कोणी विचारील. सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकवले, ईशज्ञान शिकवले. यंत्रशास्त्राचा तास काही नव्हता. पण ज्या वस्तीत आम्ही राहतो, तिथल्या कितीतरी घरांची चूल दातेरी चाकांवर पेटलेली आहे. नगर, मराठवाडा, वसई, गोवा अशा चारी दिशांनी ही कुटुंबे इथे आली ती कारखान्याच्या भोंग्यामागे. दुसरे कारण अधिक जड आहे. रस्त्यावर गेलेल्या माणसांचे अंत्यविधी आम्ही केले आहेत. शवपेटीच्या बाजूला उभे राहून ‘ब्रेक फेल झाला’ एवढेच तीन शब्द पुन्हा पुन्हा ऐकले आहेत. ब्रेक का फेल झाला, हे तिथे कोणी विचारत नाही. ती वेळही नसते. मग विचारायची वेळ कोणती?

आमच्या ह्या प्रश्नाला उत्तर दिले ते एका निवृत्त कामगाराने. इथल्याच एका कारखान्यात दाते कापण्याच्या यंत्रावर त्यांनी तीस-बत्तीस वर्षे काढली. सारा परिसर त्यांना काका म्हणतो, आम्हीही म्हणतो. त्यांच्या घरी वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराशी एक जुना पिनियन ठेवलेला आहे, मुठीएवढा आणि चांगलाच वजनदार. तो उचलून ते म्हणाले, “फादर, हा लहान दिसतो, पण सगळी गाडी ह्याच्या ऐकण्यात असते.”

गाडीच्या इंजिनापासून एक लांब दांडा मागे येतो. त्याच्या टोकाला हा पिनियन असतो. तो एका मोठ्या दातेरी कड्याला फिरवतो. त्या कड्याला क्राउन म्हणतात. क्राउनमुळे मागची चाके फिरतात. पिनियनला ९ दाते आणि क्राउनला ४१ असले, तर पिनियनचे साडेचार फेरे व्हावेत तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. सायकलीचे पुढचे चक्र लहान आणि मागचे मोठे केले तर चढ सोपा होतो पण पाय भराभर मारावे लागतात, तोच हा न्याय. पुढे गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर समजा पाचास एक असा असेल, तर पाच गुणिले साडेचार, म्हणजे इंजीन जवळजवळ २३ फेरे घेते तेव्हा चाक एकदा फिरते. त्या तेवीस फेऱ्यांचा जोर एका फेऱ्यात एकवटलेला असतो. दीड टन माल घेऊन पिकअप चढ चढते ती अशी.

आता दाते बदलून पाहा. पिनियनला १० आणि क्राउनला ३९ दाते केले, तर प्रमाण ३.९ होते. ताशी साठ किलोमीटरने, सरळ वरच्या गिअरमध्ये जाताना पहिल्या गाडीचे इंजीन मिनिटाला सुमारे २१७० फेरे घेईल, तर दुसरीचे सुमारे १८६०. दुसरी गाडी कमी आवाज करील, सपाट रस्त्यावर डिझेल कमी पिईल, विक्रेत्याला मायलेजचा चांगला आकडा सांगता येईल. पण भरल्या अंगाने चढायची वेळ आली की तिचा दम लवकर उखडेल. दोन-तीन दातांच्या फरकाचा हा खेळ. गाडी कुठे आणि कशासाठी चालणार, ह्याचा निर्णय असा कारखान्यात, चालक तिच्यात बसण्यापूर्वीच झालेला असतो.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला फार आवडली. ४१ आणि ९ ह्या संख्यांना समान विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला कधी ना कधी भेटतो. तेच ते दोन दाते एकमेकांना घासत बसत नाहीत, झीज सर्वांना सारखी वाटली जाते. शिवाय क्राउन आणि पिनियन जोडीनेच घासून एकमेकांत बसवतात आणि दोघांवर एकच क्रमांक ठोकतात. एक खराब झाला तर दुसऱ्या जोडीतला आणून चालत नाही. आवाज करतो आणि अकाली मोडतो. विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या शिबिरात हा दाखला द्यावा असे आमच्या मनात आले होते. काकूंनी तो ऐकून नाक मुरडले, तेव्हा बेत सोडला.

ह्या दातांचा इतिहास आपल्या दाराशीच घडला आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. जमशेदपूरच्या टेल्कोने १९६६ मध्ये पुण्याचा कारखाना उभारायला घेतला आणि त्याच वर्षी इथे संशोधन केंद्रही सुरू केले. सुमंत मूळगावकर ह्या मराठी अभियंत्याची त्यामागे दृष्टी होती. पुढे १९९४ साली आलेल्या ‘सुमो’ गाडीच्या नावात त्यांच्या नावाची आणि आडनावाची आद्याक्षरे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक असेल. परदेशी गाडीचा नकाशा आणून इथे जोडकाम करणे आणि इथल्या ओझ्याला, इथल्या रस्त्याला पुरेल अशी गाडी स्वतः आखणे ह्यांत जे अंतर आहे, ते ह्या पट्ट्याने चालून दाखवले.

१९८०च्या दशकाच्या मध्यास जपानी सहकार्याने चार कंपन्यांनी भारतात हलके ट्रक आणले: डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी आणि ऑल्विन निसान. गाड्या देखण्या होत्या, चपळ होत्या. त्यांच्यासमोर १९८६ साली पिंपरीतून टाटा ४०७ बाहेर पडली. दिसायला ओबडधोबड, पण लिहून दिलेल्या वजनापेक्षा जास्त माल आपला माणूस भरणारच, हे जाणून बांधलेली. पाठोपाठ १९८८ मध्ये टाटामोबाईल २०६ आली आणि त्याच घराण्यातली २०७. पिकअप हा शब्द गावोगावी पोहोचला तो बराचसा ह्या गाड्यांच्या चाकांवरून. पलीकडे आकुर्डीला बजाज टेम्पोची मॅटाडोर होतीच. तिच्यामुळे ‘टेम्पो’ हे कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. जपानी नावांपैकी बहुतेक पुढे पुसट झाली आणि ४०७ टिकली. ह्याचे श्रेय देशाभिमानाला देण्याचा मोह होतो. आमच्या मते ते ओझ्याचा खरा अंदाज बांधणाऱ्यांना द्यावे.

डिझेल इंजिनाचा स्वभाव समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबतात की ती तापून डिझेल आपोआप पेटते. असे इंजीन सावकाश फिरतानाही मोठा जोर देते, पण फार वेगाने फिरू शकत नाही. बैलासारखेच म्हणावे. म्हणून त्याला गिअर अधिक लागतात आणि ॲक्सल जपून निवडावा लागतो. ह्या स्वभावाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. पेट्रोलच्या गाडीत पाय उचलला की हवेची वाट झाकली जाते, इंजीन गुदमरते आणि गाडीला मागे ओढते. डिझेलमध्ये हवेची वाट बहुधा मोकळीच राहते. म्हणून तेवढ्याच वेगाला त्याची आवरण्याची ताकद कमी पडते. मोठ्या ट्रकांना त्यासाठी निराळा एक्झॉस्ट ब्रेक बसवतात. लहान पिकअपला बहुधा तो नसतो. तिला आवरणारा एकच मित्र, तो म्हणजे खालचा गिअर. इंजीन जितके जोराने फिरायला लावावे, तितके ते गाडीला अधिक धरून ठेवते.

जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा. आम्हाला ही म्हण वाटे. काकांनी तिचे गणित मांडून दाखवले. माल आणि गाडी मिळून तीन टन वजन. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना ती पाचशे मीटरहून अधिक खाली येते. उंचावर साठलेली ती सगळी शक्ती कुठेतरी गेलीच पाहिजे. ब्रेकनेच गाडी आवरली तर ती सारी उष्णता होऊन चार चाकांच्या ब्रेकांत उतरते. किती उष्णता? साधे पंचेचाळीस लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला लागेल तितकी! लोखंडाचे चार डबे आणि त्यांना घासणारी पातळ अस्तरे ह्यांनी ती पोटात घ्यायची. अस्तर ठरावीक मर्यादेबाहेर तापले की त्याची पकड जाते. ब्रेकचे तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि पायाखालचे पेडल तळाला टेकते. ते तेल हवेतला ओलावा शोषून घेते. जुने झाले की आणखी लवकर उकळते. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने असतात, हे सांगायला नको. तेव्हा ‘ब्रेक फेल झाला’ हे पुष्कळदा अर्धे वाक्य असते. ब्रेकवर जे काम टाकायला नको होते ते टाकले गेले, हा त्याचा उरलेला अर्धा भाग.

खालच्या गिअरमध्ये हीच शक्ती इंजिनाकडे जाते आणि रेडिएटर, वारा, धूर ह्यांवाटे हळूहळू बाहेर पडते. इंजीन ह्या कामासाठीच थंड ठेवलेले असते. ब्रेकला कोणी पाणी पाजत नाही.

असे असताना उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची, क्वचित इंजीनच बंद करण्याची खोड आपल्या रस्त्यांवरून जात नाही. डिझेल वाचते, हे तिचे कारण सांगितले जाते. ते खोटे आहे, आणि इथे आम्ही मुद्दाम कठोर शब्द वापरतो. गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सलरेटरवरचा पाय उचललेला असेल, तर उताराच इंजिनाला फिरवत असतो. अशा वेळी पंप डिझेल देणे थांबवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजीन चालू राहण्यापुरते डिझेल जळतच राहते. म्हणजे जीव टांगून वाचवले काय, तर काहीच नाही. इंजीन बंद केले तर ब्रेकला जोर देणारा हवेचा पंप थांबतो आणि पॉवर स्टिअरिंग लाकडासारखे जड होते. आपल्या पुण्याच्या बाह्यवळणावर नवले पुलाचा उतार आहे. तिथे २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजीन बंद करून गाडी सोडली होती, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. त्याच जागी १३ नोव्हेंबर २०२५ रोजी पुन्हा माणसे मेली.

उताराचे भय आपल्या पूर्वजांना अधिक कळत होते असे वाटते. बोरघाटातून रेल्वे गेली ती १८६३ मध्ये. तिथे चढ ३७ फुटांना एक फूट. उतरणाऱ्या गाडीसाठी वाटेत चढाकडे जाणारे आडमार्ग काढून ठेवले आणि सांधे नेहमी त्या आडमार्गाकडेच वळवलेले असत. गाडी आधी थांबली पाहिजे, चालकाच्या ताब्यात आहे हे दिसले पाहिजे, मगच तिला मुख्य मार्ग मिळे. ताबा सुटलेली गाडी आपोआप चढावर जाऊन थांबावी, ही त्यातली योजना. चालकाच्या शब्दावर विश्वास न ठेवता त्याच्याकडून पुरावा मागणारी ही व्यवस्था आम्हाला फार शहाणपणाची वाटते.

आता आपोआप बदलणाऱ्या गिअरकडे वळू. हेर्मान फॉटिंगर ह्या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी एक युक्ती शोधली: तेलाने भरलेल्या डब्यात दोन पंखे समोरासमोर ठेवायचे, एक इंजिनाने फिरवायचा, त्याने ढकललेले तेल दुसऱ्याला फिरवील. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, तरी जोर पोहोचतो, आणि मध्ये तिसरे पाते बसवले की गाडी जागची हलताना तो जवळजवळ दुप्पटही होतो. अमेरिकेत १९३९ मध्ये ओल्ड्समोबिल मोटारीतून असा आपोआप गिअर बदलणारा डबा बाजारात आला. आपल्याकडे तो मुख्यतः महागड्या मोटारींतून आला. चाकणला २००९ मध्ये मर्सिडीज आणि फोक्सवॅगन ह्यांचे कारखाने सुरू झाले. नाशिक फाट्याच्या कोंडीत क्लच दाबून गुडघे धरलेल्या मध्यमवर्गीयालाही मग तो हवासा वाटू लागला.

हा डबा गिअर ठरवतो कसा? वेग किती आहे आणि पाय किती दाबला आहे, एवढ्यावरून मुख्यतः. पुढचा घाट त्याला दिसत नाही. चढावर पाय दाबला की तो खालचा गिअर टाकतो, हे ठीकच. पण भार जास्त आणि ॲक्सल मायलेजसाठी निवडलेला असेल, तर तो चौथ्यातून तिसऱ्यात येतो, थोडा वेग मिळताच पुन्हा चौथ्यात जातो, लगेच दम लागून पुन्हा तिसऱ्यात येतो. चालकाला वाटते डबा बिघडला. बिघडलेला नसतो, त्याला मागच्या भोपळ्यातल्या दातांनी अडचणीत टाकलेले असते. ह्या घालमेलीत डब्यातले तेल तापत राहते. असा चढ आला की हाताने खालचा गिअर पक्का करून ठेवावा. अमेरिका आणि थायलंडसारख्या देशांत, जिथे डिझेल पिकअप ऑटोमॅटिक असणे नवलाचे नाही, तिथे ओझे ओढणारे लोक ॲक्सलचे प्रमाण विचारून गाडी घेतात. आपल्याकडे सनरूफ आहे का, ते विचारतात.

उतारावर तर ह्या डब्याची समजूत उलटीच होते. चालकाने पाय उचलला. डब्याला वाटते काम हलके झाले. तो वरचा गिअर टाकतो, आणि गाडी मोकाट सुटते. अलीकडच्या गाड्यांत पाय उचललेला असताना वेग वाढतो आहे आणि चालक ब्रेक दाबतो आहे, हे पाहून संगणक स्वतः खालचा गिअर टाकतो. पण तोही उतार सुरू झाल्यावर शहाणा होतो, आधी नव्हे. म्हणून दांडीजवळ ‘एल’, ‘२’ किंवा अधिक-उणे अशी चिन्हे असतात. ती शोभेसाठी नाहीत. घाटमाथ्यावर, वेग वाढण्यापूर्वी, चालकाने डब्याला सांगायचे की इथून खाली तुला तिसऱ्याच्या वर जायचे नाही. वेग वाढल्यावर सांगितले तर इंजीन फुटू नये म्हणून संगणक ते ऐकत नाही. हाताच्या गिअरमध्ये तर संकट आणखी मोठे: भरधाव उतारावर खालचा गिअर टाकायला जावे, तो पडू नये, आणि आधीचाही हातातून जाऊन गाडी न्यूट्रलमध्येच राहावी.

इथवर उताराचे झाले. आम्हाला मात्र एका चढाविषयी लिहायचे होते.

श्रावणातला सोमवार, ११ ऑगस्ट २०२५. चाकणच्या औद्योगिक पट्ट्याच्या मागेच, खेड तालुक्यात पाईटजवळ डोंगरावर कुंडेश्वराचे स्थान आहे. पापळवाडीच्या स्त्रिया दर्शनाला निघाल्या होत्या. गाडी पिकअप होती. चढावर ती पुढे जाईना, मागे घसरली आणि दरीत कोसळली. एका लहान वाडीतल्या अनेक स्त्रिया एका दिवशीच गेल्या. त्या दिवशीच्या गाडीत नेमके काय घडले ह्यावर बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही, आणि चालकावर बोट ठेवण्याचा तर नाहीच. पण तीव्र चढावर भरलेली पिकअप का घसरू शकते, हे काकांकडून समजून घेतल्यावर आम्हाला कित्येक रात्री ते चित्र दिसत राहिले.

हाताच्या गिअरच्या गाडीत गिअर बदलायचा तर क्लच दाबावा लागतो. क्लच दाबलेला असतो तेवढा क्षण चाकांना इंजिनाचा आधार नसतो. सपाटीवर तो क्षण कोणाला जाणवत नाही. तीव्र चढावर तेवढ्यातच वेग मरतो. दुसऱ्यातून पहिल्यात येईपर्यंत गाडी उभी राहते. मग ब्रेकवरचा पाय काढून ॲक्सलरेटरवर न्यायचा, त्याच वेळी क्लच जुळवून सोडायचा, आणि हे सगळे मागे सरकू लागलेल्या दोन-तीन टनांसह. मागे धान्याची पोती असतील तर ती निदान जागची हलत नाहीत. माणसे असली की ती मागे कलतात, तोल मागच्या फळीकडे जातो, पुढची चाके हलकी होतात. आणि स्टिअरिंग तर पुढच्या चाकांना असते. म्हणून जाणता ड्रायव्हर चढाच्या पायथ्याशीच थांबतो, पहिला गिअर टाकतो आणि माथ्यापर्यंत बदलत नाही. पायथ्याशी चढाचा अंदाज आला नाही, तर मध्ये दुसरी संधी नाही.

तेलाच्या डब्यातून चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीत हा पोकळ क्षणच नसतो. गिअर बदलतानाही ओढ सुटत नाही. उभ्या गाडीला चढावर पुन्हा हलवताना तेलाचा पंखा जोर वाढवून देतो. (एएमटी म्हणून जो स्वस्त प्रकार मिळतो तो वेगळा, त्यात क्लच तोच असतो, फक्त पायाऐवजी यंत्र तो दाबते, आणि पोकळी राहतेच.) म्हणजे ज्याला ह्या शोधाची खरी गरज होती तो ओझे घेऊन डोंगर चढणारा चालक, आणि शोध मिळाला तो कोंडीत कंटाळलेल्या मोटारवाल्याला. २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स भारतात आली, ती ऑटोमॅटिक मिळते. पण तिच्या किमतीत मालवाहू पिकअप तीन तरी येतील. ती घेणारा तिच्यात कांद्याची पोती भरत नाही. आपल्या रस्त्यावरच्या मालवाहू पिकअपमध्ये बहुतेक सर्वत्र आजही हाताचा गिअर आहे. पैशाचे कारण आम्हाला कळते. तरी जगाला गिअर कापून देणाऱ्या ह्या पट्ट्यात, कारखान्यांच्या भिंतीपासून काही कोसांवर, हे असे असावे ह्याची खंत वाटते.

चाकणच्या एका कारखान्यात काम करणारा आमच्याकडचा एक तरुण म्हणतो की हे सारे लवकरच जुने होईल. विजेच्या गाडीत गिअरबॉक्सच नसतो. मोटर उभ्या जागेपासून पूर्ण जोर देते आणि उतारावर तीच जनित्र होऊन बॅटरी भरते. खरे आहे, महिंद्राच्या अशा मोटारी चाकणलाच तयार होतात, आणि टाटांची एस ही लहान मालगाडी २०२२ पासून विजेवरही मिळते. काकांनी त्याला विचारले, “बॅटरी माथ्यावरच पूर्ण भरलेली असली तर?” तरुणाने मान्य केले की मग वीज ठेवायला जागा नसते, मोटरची आवर कमी होते आणि काम पुन्हा ब्रेकवरच येते. म्हणजे घाटमाथ्यावर थांबून विचार करणे तिलाही चुकलेले नाही. काका नुसते हसले.

मालवाहू गाडीतून माणसे नेणे कायद्याने मना आहे, हे सर्वांना माहीत असते. सर्वांना हेही माहीत असते की वाडीवर दुसरी गाडी येत नाही, आणि माणशी वीस-तीस रुपयांत पिकअपच मिळते. धर्म कोणताही असो, आपल्याकडच्या यात्रा, लग्ने, अंत्ययात्रा ह्याच पिकअपवर चालतात. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या यात्रेला जाण्यासाठी आमच्या धर्मग्रामातली मंडळी टेम्पो ठरवायचा म्हणून येतात. बोरघाट उतरून जायचे, रात्री चढून यायचे. पापळवाडीनंतर आम्ही मालवाहू गाडीला नाही म्हणतो आणि एस.टी.ची किंवा प्रवासी परवान्याची बस करायला सांगतो. भाडे बरेच जास्त पडते. गेल्या खेपेस चार घरांनी त्यामुळे नाव मागे घेतले. त्यांतल्या एका आजींनी आम्हाला तोंडावर सांगितले की फादर, तुमच्या गिअरपायी माझी यात्रा चुकली. त्यांच्या तिकिटाचे पैसे कोठून उभे करायचे, ह्यावर धर्मग्राम समितीत अजून एकमत झालेले नाही.